धाकटं शुभवर्तमान

पाळकसाहेब म्हणाले, सिस्टर, चौघांतलं दुसरं तुम्ही समजावा.
म्हणून रविवारी दुपारी, चर्चमागच्या खोलीत,
सहा पोरं, दोन पोरी, कुरकुरणारा पंखा आणि मी.
त्यातला एक मिरज स्टेशनच्या कँटीनमधून तसाच आलेला,
बोटांना कांद्याचा वास.

सगळ्यांत आधी हे, की ते छोटं आहे.
कोल्हापूरची पॅसेंजर रुकडीला जरा जास्त रखडली
तर शाहूपुरी दिसायच्या आत वाचून संपतं.
यात पाळणा नाही, तारा नाही, मेंढपाळ नाहीत.
पहिल्याच पानावर तो मोठा झालेला,
नदीतून वर येतोय, केसांतून पाणी गळतंय.
आणि तिथून एक शब्द पळत सुटतो: लगेच.
लगेच जाळी सोडली. लगेच ताप उतरला.
लगेच निघाले, लगेच पोचले.

माझी बत्तीस वर्षं हॉस्पिटलात गेली.
मला हा लिहिणारा ओळखीचा वाटतो.
नाईट ड्यूटीचा रिपोर्ट असाच असतो,
'आणि', 'आणि'नं जोडलेला, विशेषणांना वेळ नसलेला.
मधेच मात्र तो असं काही नोंदवतो, जे कुणी विचारलेलं नसतं.
की गवत हिरवं होतं.
की वादळात तो डोक्याखाली उशी घेऊन झोपला होता.
मीही एकदा केसपेपरवर लिहिलं होतं, पेशंटच्या मुठीत चिंच.
डॉक्टरांनी खोडलं.

कुष्ठरोग्याला तो आधी हात लावतो, मग बरं करतो.
हा क्रम पाठ करा, बाकी विसरलात तरी चालेल.
एका आंधळ्याला पहिल्या खेपेत नीट दिसतच नाही,
माणसं झाडांसारखी हिंडताना दिसतात.
तो पुन्हा हात ठेवतो.
मोतीबिंदूची पट्टी सोडताना मी हे किती जणांकडून ऐकलंय,
"बाई, अजून धुकं हाय."
बरोबरच्या बारा जणांना कशाचा पत्ता नाही.
नावेत भाकरी एकच, म्हणून कुजबुजत बसतात.
तिथं हसा. चर्चमध्ये हसलेलं चालतं.

आणि तो सारखा बजावतो, कुणाला सांगू नका.
का, ते विद्वानांना विचारा.
मला एवढंच ठाऊक, की बरं झालेलं माणूस गप्प बसत नाही.
जे बरं होत नाही, ते बसतं.

सत्त्याऐंशी साल. भाजलेल्यांचा वॉर्ड. बेड नऊ.
जतकडची होती.
तिनं माझ्या कानात सांगितलं, स्टोव्ह नव्हता, बाई.
मग म्हणाली, कुठं बोलू नका,
दोन लेकरं त्याच घरात हायत.
मी लिहिलं: स्टोव्हचा भडका.
पहाटे चारला चादर वर ओढली.
हे मी पोरांना सांगणार नव्हते.

शेवटाकडे तो ओरडतो, की मला सोडलंस का.
लिहिणारा त्यावर फुंकर घालत नाही.
मग तीन बाया, उजाडता उजाडता, सुगंधी तेल घेऊन.
धोंड सरकलेली. आत एक तरुण, पांढऱ्या झग्यात.
त्या पळतात. हातपाय कापतायत.
कुणाला काही सांगत नाहीत, कारण भ्यालेल्या असतात.
संपलं.
पुढं ओळी आहेत, पण आपल्या पुस्तकात त्या कंसात.
नंतर कुणाला तरी राहवलं नाही.

बाहेर सतारवाल्यांच्या गल्लीत
कुणीतरी एकच तार पिळून पिळून बघतंय.

कँटीनचा पोरगा म्हणाला,
"त्या बोलल्याच न्हाईत, तर मग आपल्याला कळलं कसं?"

मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
म्हटलं, बोलली असेल एखादी.
लगेच नव्हे.
फार उशिरा, पाय दुखायला लागल्यावर,
अशाच कुठल्यातरी मागच्या खोलीत.

वह्या काढा.
नाव लिहून घ्या तिचं.
कस्तुरव्वा.
नाही रे, एक व नाही,
वला व जोडायचा.